तारेत हरवलेले व्होल्ट

ह्या वीकांताचा विषय जरा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. शाळेत ओहमचा नियम शिकलात ना? व्होल्ट म्हणजे अँपिअर गुणिले ओहम. बस्स, तेवढे भांडवल पुरे. ह्या लेखात त्यापलीकडचे गणित नाही, आणि जे आहे ते भाजीवाल्याच्या हिशोबापेक्षा अवघड नाही.

एकाच पाटीवर मावणारे छोटे संगणक आता पुष्कळ घरांत दिसतात. त्यातला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे रास्पबेरी पाय. (मराठी माणसाला हा 'पाय' आधी खरोखरचा पायच वाटतो. त्यात आपल्याकडे आयसीच्या पिनांनाही पायच म्हणतात. म्हणजे चाळीस पाय असलेला पाय! असो. :-)) कोणी त्यावर दारावरचा कॅमेरा चालवतो, कोणी कुंड्यांना पाणी घालतो, कोणी जुन्या गेम खेळतो. प्रोग्रॅम कसा लिहायचा ह्यावर ढीगभर पुस्तके आहेत. पण "ह्याला वीज कशी द्यायची?" असे विचारले की दहापैकी नऊ जण म्हणतात, "त्यात काय, मोबाईलचा चार्जर लाव."

हे उत्तर अर्धे बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यापायी किती तरी बोर्ड बिघडलेले समजून खणात पडले आहेत. माझ्या मते त्याहून वाईट म्हणजे, किती तरी मुलांनी "आपल्याला हार्डवेअर जमत नाही" अशी स्वतःबद्दल समजूत करून घेतली आहे. दोष मुलांचा नसतो, बहुतेक वेळा बोर्डाचाही नसतो. दोष तारेचा असतो. आणि तारेचे हे दुखणे आपल्या मुंबईत शंभर वर्षांहून जुने आहे. म्हणून आज थोडा इतिहास.

खोपोलीचा धडा

मुंबईच्या गिरण्यांना वाफेऐवजी विजेवर चालवायचे म्हणून टाटांनी १९१० साली जलविद्युत कंपनी काढली. लोणावळ्याच्या आसपास वळवण, शिरवटा वगैरे धरणे बांधली, पाणी घाटाखाली खोपोलीला सोडले आणि १९१५ साली तिथली वीज मुंबईत आली. आता प्रश्न बघा. वीज खोपोलीत, गिरण्या परळ-लालबागला. मध्ये सुमारे ७० किलोमीटर तार.

तार कितीही चांगली असली तरी तिला थोडा रोध असतोच. त्यातून जितका प्रवाह जास्त, तितके व्होल्ट वाटेतच सांडतात. नुसते सांडत नाहीत, त्यांची उष्णता होते आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाह दुप्पट केला की वाया जाणारी वीज चौपट. मग उपाय काय? तितकीच वीज न्यायची, पण व्होल्ट प्रचंड वाढवायचे म्हणजे प्रवाह तितकाच कमी होतो. म्हणून खोपोलीहून वीज निघाली ती लाखभर व्होल्टच्या तारांवरून. मुंबईत आल्यावर ट्रान्सफॉर्मरने ती उतरवली, पुन्हा उतरवली, आणि शेवटी माणसाच्या कामाच्या व्होल्टवर आणली.

दूर न्यायची तर चढवून न्या, वापरायच्या जागी उतरवा. हे वाक्य लक्षात ठेवा. आपल्याला ते शेवटी एका गच्चीवर लागणार आहे.

उपनगरांत वीज वाटायला बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे आपली बीएसईएस, १९२९ साली स्थापन झाली. गोरेगावातल्या जुन्या लोकांच्या तोंडी अजून "बीएसईएसचे बिल" हाच शब्द आहे, जरी त्या बिलावर मधली काही वर्षे रिलायन्सचे नाव होते आणि २०१८ पासून अदानीचे आहे. नाव कोणाचेही असो, भिंतीतल्या भोकांतून येते ते तेच: २३० व्होल्ट, एसी, सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारे.

स्टेशनावरचा डीसी

आता जरा गोरेगाव स्टेशनात चला. मुंबईत विजेची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्याला धावली, हार्बरच्या रुळांवरून. आपल्या पश्चिमेच्या बाजूला, तेव्हाच्या बी. बी. सी. आय. रेल्वेवर, जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू झाल्या. म्हणजे गोरेगाव स्टेशनावरून विजेची गाडी जाऊ लागली तेव्हा बीएसईएसचा जन्मही व्हायचा होता!

ह्या गाड्यांच्या डोक्यावरच्या तारेत होते १५०० व्होल्ट, आणि तेही डीसी. डीसी का? कारण त्या काळी गाडी ओढायला डीसी मोटर सर्वांत सोयीची होती. सुरुवातीला जोर भरपूर, आणि वेग आवरायला सोपी. पण डीसीला एक मोठी अडचण होती. ट्रान्सफॉर्मर फक्त एसीवर चालतो. डीसीचे व्होल्ट सहज चढवता-उतरवता येत नसत. त्यामुळे जे काय १५०० व्होल्ट आहेत त्यांवरच भागवायचे, आणि मोठ्या गाडीला लागणारी वीज १५०० व्होल्टवर द्यायची म्हणजे प्रवाह हजारो अँपिअरमध्ये जातो. मग तारेत व्होल्ट सांडणार. ते सांडू नयेत म्हणून रुळांच्या कडेने थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशने बांधायची. प्रत्येक ठिकाणी एसी घ्यायचा, त्याचा डीसी करायचा, आणि जवळच्या जवळ तारेत सोडायचा.

सुरुवातीला हे काम फिरती अवजड यंत्रे करत, नंतर पाऱ्याचे रेक्टिफायर आले, मग सिलिकॉनचे. म्हणजे बघा, रुळांच्या कडेचे ते सबस्टेशन आणि तुमच्या टेबलावरचा अ‍ॅडॉप्टर ह्यांचा धंदा एकच आहे. दोघेही एसी घेतात आणि डीसी देतात. फरक आकाराचा.

गाड्या नऊ डब्यांच्या बारा डब्यांच्या झाल्या, गर्दी वाढली आणि १५०० व्होल्ट अपुरे पडू लागले. म्हणून रेल्वेने टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट एसी आणला. व्होल्ट जवळजवळ सतरा पट, म्हणजे तितक्याच विजेला प्रवाह सतरावा हिस्सा, आणि सबस्टेशने लांब लांब ठेवली तरी चालते. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावरचा शेवटचा डीसी टप्पा फेब्रुवारी २०१२ मध्ये संपला. मध्य रेल्वेला आणि हार्बरला आणखी काही वर्षे लागली, २०१६ साली हार्बरही एसी झाली.

आता योगायोग बघा. रास्पबेरी पाय विक्रीला आला तो २९ फेब्रुवारी २०१२ रोजी. ज्या महिन्यात आमच्या लाईनच्या डोक्यावरून डीसी गेला, त्याच महिन्यात तो पाच व्होल्टांचा होऊन टेबलावर आला. आणि येताना आपले जुने दुखणे बरोबर घेऊन आला.

पण पाचच का?

खरंच, पाचच व्होल्ट का? चार का नाही, सहा का नाही? टॉर्चचे सेल दीड व्होल्टचे, गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. पाच ह्यांपैकी कशातच सरळ बसत नाही.

सुरुवातीच्या संगणकांना असे एकच एक व्होल्टेज नव्हतेच. आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक १९६० साली चालू झाला. त्यात सुमारे २,७०० काचेच्या नळ्या होत्या. नळीचे फिलॅमेंट तापवायला थोडे व्होल्ट लागतात, प्लेटला मात्र शेकड्यांनी. अशा यंत्रात वीजपुरवठा हाच एक स्वतंत्र विभाग असे.

मग ट्रान्झिस्टर आले, त्यांच्या चिपा झाल्या. १९६१ साली टीआरडब्ल्यू कंपनीतल्या जेम्स ब्यूई ह्याने ट्रान्झिस्टर-ट्रान्झिस्टर लॉजिक, म्हणजे टीटीएल, शोधले. १९६३ मध्ये सिल्व्हेनियाने आणि १९६४ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने त्याच्या चिपा बाजारात आणल्या. टेक्सासची ५४००, आणि १९६६ पासून स्वस्त प्लास्टिकच्या वेष्टनातली ७४०० मालिका जगभर पसरली. ह्या चिपांना हवे होते ५ व्होल्ट, पाच टक्के इकडे-तिकडे. म्हणजे ४.७५ ते ५.२५. त्याबाहेर गेलात तर कंपनी जबाबदार नाही! आतल्या ट्रान्झिस्टर-डायोडांच्या उतरंडीला पुरेल आणि चिप फार तापणार नाही, असा तो आकडा होता. पण एकदा सगळे जग ७४०० वापरू लागल्यावर कारण मागे पडले आणि पाच ही रीतच झाली.

मायक्रोप्रोसेसर मात्र सुरुवातीला ह्या रीतीत बसत नव्हते. इंटेलच्या १९७४ च्या ८०८० ला तीन वेगवेगळे पुरवठे लागत: +५, +१२ आणि −५. तीन पुरवठे म्हणजे तिप्पट भानगड. १९७६ साली इंटेलने सुधारलेली आवृत्ती काढली, ती एकट्या ५ व्होल्टवर चालायची. तिचे नाव ८०८५. नावातला शेवटचा ५ त्यासाठीच! ज्यांनी डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला रमेश गावकरांचे ८०८५ वरचे जाडजूड पुस्तक उशाशी घेऊन रात्री काढल्या, त्यांनी ही गोष्ट कुठे वाचली असेल-नसेल, पण नावातच होती.

त्या ८०८५ चे ट्रेनर किट आठवते का? हिरवी पाटी, हेक्स कीपॅड, लाल सात-रेघी अंक. आपल्या पिढीचा एकपाटी संगणक तोच. त्याच्याबरोबर पत्र्याच्या खोक्यात एक जड पॉवर सप्लाय असे. खोक्यात ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, डबाभर कपॅसिटर आणि हीटसिंकला स्क्रूने आवळलेला ७८०५. तीन पायांचा हा ७८०५ म्हणजे हौशी इलेक्ट्रॉनिक्सचा वरणभात. फेअरचाइल्डने ही ७८०० मालिका सत्तरच्या दशकात काढली आणि ती अजून मिळते. एका पायात बारा व्होल्ट घाला, दुसऱ्यातून पाच घ्या, मधला ग्राउंड.

पण उरलेल्या सात व्होल्टांचे काय होते? त्यांची उष्णता. प्रवाह १ अँपिअर असेल तर बोर्डाला मिळतात ५ वॅट आणि ७८०५ जाळतो ७ वॅट. म्हणजे सोळा आण्यांतले नऊ आणे हवा गरम करायला! म्हणून ते खोके जड आणि गरम. उपाय होता तो स्विचिंग पॉवर सप्लायचा: वीज अडवून जाळायची नाही, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून हवी तितकीच पुढे सोडायची. १९७७ च्या अ‍ॅपल-२ मध्ये रॉड होल्टने असा सप्लाय बसवला होता. आज तुमच्या मोबाईलचा चार्जर पेढ्याच्या खोक्यापेक्षा लहान आणि हलका आहे तो ह्याच युक्तीमुळे.

एलिमिनेटर ते यूएसबी

मधल्या काळात आपल्या घरांत आणखी एक वस्तू होती: बॅटरी एलिमिनेटर. ट्रान्झिस्टर किंवा टेपरेकॉर्डरला सेल घालणे परवडत नसे म्हणून हे खोके. वर एक गोल बटण, ३, ४.५, ६, ९, १२ असे आकडे. लिहिलेले सहा, पण काही जोडले नसेल तर मीटर लावल्यावर नऊ दाखवणार, आणि गाणे मोठ्याने लावले की आकडा खाली. शिवाय मागे सतत एक घुंऽऽऽ. टेपरेकॉर्डरला चालून जायचे. चिपांना चालत नाही.

एलिमिनेटरच्या पिनेला दिशा असे. कुठे आत प्लस, कुठे बाहेर. उलटे लावले की संपले. ही सगळी अनागोंदी मोडली ती यूएसबीने. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती आली. मूळ उद्देश कीबोर्ड, माऊस, प्रिंटर एकाच प्रकारच्या भोकात बसवणे हा. (त्या कामात इंटेलमध्ये पुढे होते अजय भट्ट, वडोदऱ्याला शिकलेले.) पण तारांच्या चौकडीतल्या दोन तारा विजेच्या होत्या: ५ व्होल्ट आणि ग्राउंड. रीत तीच, टीटीएलची. प्रवाह आधी १०० मिलिअँपिअर, रीतसर मागितला तर ५००.

पुढे मोबाईलवाल्यांनी तेच भोक चार्जिंगला घेतले, आणि बघता बघता पाच व्होल्टांचा सप्लाय ही घराघरातली वस्तू झाली. रास्पबेरी पाय काढणाऱ्या एबेन अप्टन आणि मंडळींनी ह्याचाच फायदा घेतला. बोर्ड स्वस्त ठेवायचा तर सप्लाय आपण का द्या? लोकांकडे मायक्रो-यूएसबीचे चार्जर पडलेलेच आहेत!

हिशोब हुशारीचा होता, पण त्यात एक खोच राहिली. मोबाईलचा चार्जर मोबाईलची बॅटरी भरतो. तारेत अर्धा व्होल्ट सांडला तर काय होते? मोबाईल जरा हळू चार्ज होतो. तुम्हाला कळतही नाही. पायला बॅटरी नसते. तारेत अर्धा व्होल्ट सांडला की तो थेट संगणकाच्या तोंडचा घास जातो. म्हणजे तीच तार मोबाईलला चांगली आणि पायला वाईट असू शकते.

आकडे घालून बघू. स्वस्त केबलमधली विजेची तार साधारण २८ गेजची असते. तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. वीज जाते आणि परत येते, म्हणून एक मीटर केबलला दुप्पट, ०.४२. दोन मीटर केबल आणि १ अँपिअर प्रवाह: ०.८४ व्होल्ट गायब. चार्जरने इमानदारीत पाच दिले तरी बोर्डाला मिळाले ४.१६. आणि पायचे बरेचसे बोर्ड ४.६३ च्या खाली गेल्यावर तक्रार करू लागतात. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी पिवळी वीज चमकते. लोकांना वाटते ती शोभेला आहे!

कंपनीलाही हे कळत गेले. म्हणूनच त्यांचे स्वतःचे सप्लाय पाचचे नसून ५.१ व्होल्टचे आहेत. तो वरचा ०.१ म्हणजे तारेला दिलेला हप्ता. :-) भूकही वाढत गेली. पहिल्या मॉडेल बीला ७०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेतीन वॅट पुरत. पाय-३ ला कंपनीने अडीच अँपिअरचा सप्लाय सांगितला, पाय-४ ला तीनचा, आणि २०२३ च्या पाय-५ ला पाच अँपिअरचा, म्हणजे २५ वॅट. वाटेत ठेचाही लागल्या. २०१५ च्या पाय-२ वर झेनॉन फ्लॅशच्या कॅमेऱ्याने फोटो काढला की बोर्ड बंद पडायचा, कारण वीजपुरवठ्याची एक उघडी सिलिकॉन चिप त्या लखलखाटाने गांगरायची. २०१९ च्या पाय-४ मध्ये यूएसबी-सीच्या भोकात एक रोधक कमी पडला, त्यामुळे काही चांगल्या, महागड्या केबलींवर तो चालूच होईना. जगभर लाखांनी बोर्ड विकणाऱ्यांनाही वीज सोपी जात नाही हे लक्षात घ्या, म्हणजे स्वतःला दोष देणे बंद होईल.

तीन-तीनची पंचाईत

अजून एक वळण राहिले. चिपांना पाच व्होल्ट ही रीत झाली खरी, पण चिप जितकी बारीक तितके व्होल्ट तिला सोसेनात. शिवाय ह्या जातीच्या चिपांत खर्च होणारी वीज व्होल्टच्या वर्गावर जाते. पाचाऐवजी ३.३ केले की खर्च सुमारे ४४ टक्क्यांवर येतो. १९९३ चा पहिला पेंटियम पाच व्होल्टचा होता, १९९४ चा ३.३ चा. पायच्या पिनाही ३.३ च्याच.

गोंधळ असा की बोर्डाला वीज पाचची, पण त्याचे कान-डोळे तीन-तीनचे. चाळीस पिनांमध्ये २ आणि ४ नंबरवर ५ व्होल्ट येतात, १ आणि १७ वर ३.३. त्यांना खेटून नाजूक सिग्नलच्या पिना. तिथे चुकून पाच व्होल्ट टेकले की ती पिन, कधी कधी अख्खा बोर्ड, गेला. मग पाच व्होल्टचा सेन्सर जोडायचा कसा? दोन रोधकांनी. सेन्सरच्या बाहेर येणाऱ्या तारेत १ किलोओहम, पुढे ग्राउंडकडे २ किलोओहम, आणि मधल्या सांध्यावरून पायला. पाचाचे दोन तृतीयांश, म्हणजे ३.३३. दोन अगदी क्षुल्लक रोधक, पण ते नसले तर बोर्डाची किंमत.

उलट दिशेला मात्र नशीब बरे. टीटीएल जातीची चिप २ व्होल्टच्या वरचे सगळे 'हो' समजते, म्हणून पायचे ३.३ तिला ऐकू जातात. साठच्या दशकातल्या इंजिनिअरांचे उपकार!

आमची गच्ची

आता हा सगळा इतिहास कामाला कसा लागतो ते सांगतो. गोरेगाव आणि पाणी म्हटले की मृणालताई गोरे आठवतात. 'पाणीवाली बाई' हे नाव त्यांना ह्याच गावच्या पाण्यासाठी झगडताना मिळाले. पाणी आता येते, पण ठरलेल्या वेळी येते. त्यामुळे गच्चीवरच्या टाकीत किती आहे हा प्रश्न प्रत्येक सोसायटीत रोज असतो. आमच्याकडे त्यासाठी वॉचमन दिवसातून चारदा सात मजले चढून झाकण उघडून बघायचा. लिफ्ट सहाव्यापर्यंतच जाते, पुढे लोखंडी शिडी. पावसाळ्यात एकदा तो त्या शिडीवरून घसरला, हात मोडला.

त्यानंतर इमारतीतल्या दोन बहिणींनी (एक बारावीला, एक कॉलेजला) मनावर घेतले. पाय-३, अल्ट्रासॉनिक सेन्सर, टाकीतल्या पाण्याचे अंतर मोजायचे नि आकडा सगळ्यांच्या मोबाईलवर. घरी टेबलावर बादलीवर झकास चालले. गच्चीवर मात्र दहा मिनिटे चालायचे, बंद पडायचे, परत सुरू, परत बंद. मेमरी कार्ड दोनदा खराब झाले. कमिटीत कुरकूर सुरू झाली: "हे खेळणं काढा, वॉचमनच बरा." वॉचमनचा हात अजून गळ्यात होता.

मोठी मला म्हणाली, "काका, कोड आम्ही तीनदा तपासला. आम्हाला हार्डवेअर जमत नाही बहुतेक. आम्ही ॲपच करतो पुढे." हे वाक्य ऐकून मी मल्टिमीटर काढला.

लिफ्टच्या खोलीत प्लग, तिथे ५.१ व्होल्टचा चांगला अ‍ॅडॉप्टर. तिथून टाकीपर्यंत १५ मीटर, उरलेल्या नेटवर्क केबलची एक जोडी. त्या तारेचा गेज २४, मीटरला ०.०८४ ओहम. जाऊन-येऊन १५ मीटरला अडीच ओहम. बोर्ड शांत असताना साधारण ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे एक व्होल्ट तारेतच. मीटर टाकीपाशी ४.१ दाखवत होता. मग वायफाय आणि प्रोसेसर एकदम कामाला लागले आणि प्रवाह अँपिअरकडे निघाला की अडीच व्होल्ट सांडणार. उरणार २.६. त्याच्या कितीतरी आधीच बोर्ड मान टाकतो. मल्टिमीटर हळू असतो, त्याला ह्या क्षणिक घसरणी दिसत नाहीत. पण पायलाच विचारता येते. व्होल्टेज खाली गेले होते का ह्याची तो आपल्यापाशी नोंद ठेवतो. विचारले, तर म्हणाला, हो.

धाकटी म्हणाली, "मग केबलमधल्या चारही जोड्या एकत्र जोडू?" डोके बरोबर चालले होते. हिशोब तिलाच करायला लावला. अडीच भागिले चार, सुमारे ०.६३ ओहम. एक अँपिअरला ०.६३ व्होल्ट. ५.१ वजा ०.६३, ४.४७. अजून कमीच!

मग मी त्यांना खोपोलीची गोष्ट सांगितली. दूर न्यायची तर चढवून न्या, वापरायच्या जागी उतरवा. दोघींनी एकमेकींकडे बघितले आणि मोठीने वहीत लिहायला घेतले. लिफ्टच्या खोलीत १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, राऊटरला असतो तसला. टाकीपाशी डब्यात एलएम२५९६ चा छोटा बक कन्व्हर्टर, बाराचे ५.१ करणारा. बोर्डाला ५ वॅट हवेत, कन्व्हर्टरचा घसारा धरून पावणेसहा वॅट. बारा व्होल्टच्या तारेत प्रवाह फक्त अर्ध्या अँपिअरच्या आसपास. त्याच एका जोडीत, त्याच अडीच ओहमात, सांडतात सव्वा ते दीड व्होल्ट. बाराचे साडेदहा-पावणेअकरा झाले तरी कन्व्हर्टरला फरक पडत नाही, तो ५.१ देतोच. तार तीच, पाणी तेच, बोर्ड तोच. फक्त व्होल्ट चढवले.

शनिवारी दोघी लॅमिंग्टन रोडला जाऊन कन्व्हर्टर घेऊन आल्या. (कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण लॉर्ड लॅमिंग्टन मुंबईचा गव्हर्नर होऊन गेल्याला शतक उलटले तरी नाव काही पुसले जात नाही. ग्रँट रोडला उतरायचे म्हणून स्लो लोकलच पकडा.) येताना राऊटरसाठी मिळतो तसला १२ व्होल्टचा छोटा यूपीएसही आणला. ते शहाणपण १२ ऑक्टोबर २०२० चे. त्या दिवशी ग्रिड कोलमडून सकाळी अख्खी मुंबई अंधारात गेली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. संगणकाला वीज नसण्यापेक्षा ती लिहिता लिहिता मधेच जाणे जास्त वाईट, मेमरी कार्डे त्यानेच मरतात. २३० व्होल्टचा प्लग आणि अर्थिंग मात्र सोसायटीच्या वायरमनने केले. टाकीच्या ओल्या जागेपर्यंत फक्त बारा व्होल्ट जातात, हा चढवून-उतरवण्याचा आणखी एक फायदा.

ही गोष्ट होऊन एक पावसाळा गेला. बोर्ड त्या चार महिन्यांत एकदाही स्वतःहून बंद पडला नाही. वॉचमन आता मोबाईलवर आकडा बघून पंप लावतो. बी विंगच्या टाकीचे काम मोठीनेच केले. तिथे तार २२ मीटर आहे, आणि तिने तार ओढायच्या आधी वहीत हिशोब केला होता. मला फक्त दाखवायला आली होती.

थोडक्यात

तुमच्याकडे खणात असा एखादा 'बिघडलेला' बोर्ड पडला असेल तर फेकण्याआधी एवढे करा. व्होल्टेज चार्जरपाशी नव्हे, बोर्डापाशी मोजा, आणि तेही बोर्ड कामात असताना. केबल आखूड आणि जाड घ्या. बोर्ड मीटरभरापेक्षा दूर असेल तर पाच व्होल्ट पाठवूच नका, बारा पाठवा आणि तिथे उतरवा. रिले, मोटर वगैरे खादाड मंडळींना वेगळा सप्लाय द्या, फक्त ग्राउंड एक ठेवा, आणि रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड विसरू नका. पाच व्होल्टचा सिग्नल ३.३ च्या पिनेला नेताना मध्ये दोन रोधक. आणि २३० ची बाजू जाणकार वायरमनची, तिथे हौस नको.

ह्यात नवीन काहीच नाही. १९१५ साली खोपोलीच्या इंजिनिअरांना ठाऊक होते, रुळांच्या कडेला सबस्टेशने बांधणाऱ्यांना ठाऊक होते. आपल्याला प्रोग्रॅम लिहिता येतो म्हणून तार आपले ऐकेल असे नाही. ती फक्त ओहमसाहेबांचे ऐकते.

पुढच्या वीकांताला बॅटऱ्यांबद्दल लिहायचा विचार आहे. तोवर मल्टिमीटरचे सेल बदलून ठेवा. :-)